काळे बूट

पायांतल्या वस्तूला आपल्याकडे मान असा कधी मिळालाच नाही. टोपी खुंटीवर, पागोटे फडताळात आणि जोडा मात्र उंबऱ्याबाहेर, ही आपली जुनी व्यवस्था. आम्हीही ती जन्मभर पाळीत आलो. त्यामुळे एका जोडीवरून आमच्या घरात खटका उडेल आणि त्यात आमचीच हार होईल, असे कोणी सांगितले असते तर आम्हाला खरे वाटले नसते.

गेल्या वर्षीच्या पारितोषिक समारंभाचा तो दिवस. आमची पुतणी याच शाळेची माजी विद्यार्थिनी. सध्या ती पुण्याला एका कचेरीत हिशेबतपासणीचे काम करते. दहावीच्या मुलींशी चार शब्द बोलावे म्हणून शाळेने तिला मुद्दाम बोलाविले होते. आम्ही याच शाळेत शिक्षक. तेव्हा सकाळपासून आमची छाती चार अंगुळे फुगलेली असल्यास नवल नाही.

ती तयार होऊन बाहेर आली. मोतिया रंगाची इस्त्रीची सुती साडी, काळे पोलके, कानांत दोन बारीक खडे आणि नीटस अंबाडा. "वा!" असे आम्ही म्हणणार, इतक्यात आमची नजर साडीच्या काठाखाली गेली आणि तो उद्गार ओठांवरच थिजला. काठाखाली काळे, जाड तळाचे, घोट्याच्या वर चढलेले, आठ आठ भोकांतून नाडी ओवलेले बूट होते!

"हे काय? समारंभाला निघालीस की पलटणीत?" आम्ही विचारले.

"काका, हेच घालून मी रोज कचेरीत जाते," ती हसत म्हणाली.

"कचेरीत खुशाल जा. पण माझ्या शाळेत लोकांनी माझ्याकडे बघून हसायचं का?"

शेवटचे वाक्य बोललो, आणि तिचे हसू मावळले. ती काही न बोलता पायरीवर बसली आणि नाडी सोडू लागली. एकेका भोकातून नाडी सुटत होती आणि आम्ही उगाच घड्याळाकडे पाहत होतो.

झोपाळ्यावर बसलेली आमची आई शहाऐंशी वर्षांची. तिला कमी ऐकू येते, असा आमचा समज आहे.

"सोडू नको गं, थांब," ती म्हणाली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "मी या घरात आले तेव्हा गल्लीत वडीलधारं माणूस दिसलं की वहाणा काढून हातात घ्यावी लागे. उन्हानं पाय पोळत. तेव्हाही कुणी हसू नये म्हणूनच सगळं. हसणारे कधीच गेले रे. माझ्या टाचांच्या भेगा मात्र राहिल्या."

आम्ही निरुत्तर झालो. पायांत जोडे आणि हातात छत्री घेऊन रस्त्याने चालल्याबद्दल काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी यांना लोकांचे दगड खावे लागले, ही हकीकत आम्ही दरवर्षी वर्गात मोठ्या आवेशाने सांगतो. जोडा आणि छत्री ही त्या काळी पुरुषांची मिरास! पुढे १८८६ साली आनंदीबाई अमेरिकेत डॉक्टर झाल्या, हे सांगताना तर आमचा आवाज चढतो. दगड मारणाऱ्यांना आम्ही वर्गात मूर्ख ठरवितो. आणि आज घरात आमच्या हाती तोच खडा होता.

"बांध पुन्हा. उशीर होतोय," एवढेच आम्ही म्हणालो. क्षमा मागण्याची आमच्या पिढीची रीत एवढीच.

रिक्षात तिने त्या बुटांची कुळकथा सांगितली. क्लाउस मेर्टेन्स नावाचा एक जर्मन लष्करी डॉक्टर १९४५ साली बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळताना पाय दुखावून बसला. पलटणीचे कडक बूट त्या पायाला सोसेनात. म्हणून त्याने मऊ चामड्याचा, तळात हवा कोंडलेला जोडा तयार केला. एका मित्राबरोबर त्याने त्याचा धंदा काढला, तेव्हा तो जोडा घेणाऱ्यांत मोठा भरणा चाळिशी उलटलेल्या बायकांचा होता! पुढे इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशायर परगण्यातील एका चर्मोद्योगी घराण्याने तो तळ घेतला, त्यावर पिवळ्या दोऱ्याची शिवण घातली आणि १ एप्रिल १९६० रोजी आठ भोकांचा बूट बाजारात आणला. त्या तारखेवरूनच त्याला १४६० हा क्रमांक मिळाला. आधी तो टपालवाल्यांनी आणि कामगारांनी वापरला, मग गाणाऱ्या बंडखोर तरुणांनी. आणि मुलींनी तो फुलाफुलांच्या झग्याखाली घातला, तेव्हा सभ्य लोकांच्या भुवया वर गेल्या.

"म्हणजे दुखऱ्या पायासाठी जन्मलेला जोडा बंडखोर ठरला म्हणायचा!" आम्ही म्हणालो.

"आणि काका, तुमच्या पायांत काय आहे?"

आम्ही खाली पाहिले. पांढरा शुभ्र सदरा, कडक इस्त्रीचा पायजमा आणि खाली आमच्या अथणीच्या करकरणाऱ्या कोल्हापुरी चपला! २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चार चार जिल्ह्यांना ज्या चपलांचे भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच या. मूळच्या त्या शेतातल्या, काट्याकुट्यांतल्या. आता पैठणीखालीही शोभतात. त्या समारंभात करकरल्या तर कोणी हसत नाही.

"माझा नियम सोपा आहे," ती म्हणाली. "अंगावर दांडगी वस्तू एकच असावी, बाकी सगळं शांत. बूट जड, म्हणून दागिने थोडे. घड्याळाचा पट्टा आणि पिशवी बुटांच्याच रंगाची. साडी घोट्यापासून चार बोटं वर, म्हणजे काठ तळाखाली सापडत नाही आणि बूट लपवल्यासारखा दिसत नाही. विजार असेल तर ती बुटाच्या तोंडाशीच संपावी. आणि बूट कितीही दांडगा असो, त्याला पॉलिश हवंच. धुळीनं माखलेला बूट म्हणजे बंड नव्हे, आळस."

हे शेवटचे वाक्य आम्ही वहीत टिपून ठेवले आहे. वर्गात उपयोगी पडेल.

व्यासपीठावर ती चढली तेव्हा फळ्या दणदण वाजल्या. पहिल्या रांगेत कुजबुज झाली, आमचे कान तापले. पण ती बोलू लागली आणि कुजबुज थांबली. पहिल्या परीक्षेत नापास झाल्याचे तिने मोकळेपणी सांगितले. शेवटी एका धीट मुलीने विचारले, "ताई, हे बूट कुठं मिळतात?" ती म्हणाली, "आधी पहिला पगार मिळव, मग पत्ता सांगते." सभागृहात हशा पिकला, आणि त्यात आम्हीही सामील झालो.

संध्याकाळी घरी परतलो. उंबऱ्याबाहेर आमच्या चपलांशेजारी ते काळे बूट विसावले. आईने काठीच्या टोकाने त्यातला एक हळूच पुढे ओढला.

"आतून मऊ असतात का गं?" तिने विचारले.

पुतणीने नाडी पार सैल केली, आजीचा पाय हाती घेतला आणि भेगाळलेली टाच अलगद आत सरकविली. मग दुसरी. आई तिच्या खांद्यावर हात ठेवून उठली आणि अंगणात दोन पावले चालली.

आम्ही हसलो नाही.