कमी ऐकणारा माइक

आम्ही बी.एड. केलं तेव्हा फळ्यावर कसं लिहावं, प्रश्न कसा विचारावा, हे सगळं शिकवलं गेलं. माइक कसा धरावा, हे मात्र कुणी सांगितलं नाही. त्याची गरज पडली २०२० साली. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्ही देवळ्यातल्या आमच्या पत्र्याच्या खोलीत बसून मोबाइलवर उर्दूचे धडे रेकॉर्ड करू लागलो. एका मुलीनं फोन करून विचारलं, "सर, आपने क़ल्ब बोला के कल्ब?" पहिल्याचा अर्थ हृदय, दुसऱ्याचा कुत्रा. आमचा क़ाफ घशातून बरोबर निघाला होता, पण खोलीच्या घुमण्यात विरघळून गेला होता.

तेव्हापासून माइक घ्यायचं मनात होतं. कामं दोन. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलं नज्म म्हणतात, त्यांचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जावा. आणि दुसरं, अम्मीची गाणी. लग्नघरात हळदी-मेंदीला म्हणायची, निम्मी घरच्या बोलीत, निम्मी अहिराणीत. कुठल्या वहीत ती लिहिलेली नाहीत. अम्मीचा दम आता दुसऱ्या ओळीलाच तुटतो. शाळेचं काम पुढच्या वर्षावर ढकलता आलं असतं, हे नाही.

हौसेनं आम्ही पंधराशे रुपयांचा एक कंडेन्सर माइक मागवला. सोबत स्टँड, स्पंजची टोपी, सगळा थाट. अम्मीला समोर बसवलं. नंतर ऐकतो तर पंखा, पत्र्यावरची कबुतरं, उमराण्याकडे कांदा घेऊन निघालेला ट्रॅक्टर, शेजारच्यांचा मिक्सर; आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी अम्मी. संमेलनात तोच माइक लावला तर अशी कुई निघाली की पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी कानावर हात ठेवले.

मालेगावचं एक बरं आहे. मुशायऱ्यांचं गाव, त्यामुळे साउंडवाल्यांचे कान तयार. अशाच एका साउंडवाल्यानं आमचा माइक उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "सर, ये सब सुनता है. तुमकू कम सुननेवाला होना."

आमच्या सगळ्या वाचनापेक्षा हे एक वाक्य कामाचं ठरलं. कंडेन्सरचा पडदा फार पातळ असतो. त्याला वीज पुरवावी लागते, स्टुडिओत ४८ व्होल्टची, आणि तो बारीकसारीक सगळं टिपतो. शांत, बंद खोलीत हा गुण. देवळ्याच्या रस्त्याकडेच्या घरात हाच दोष. डायनॅमिक माइकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं जोडलेलं असतं. ते चुंबकाजवळ हलतं आणि आवाजाची वीज तिथेच तयार होते. बॅटरी नको, काही नको. तो जवळचं ऐकतो, लांबचं फारसं मनावर घेत नाही. जगभर मंचावर दिसणारा शुअर कंपनीचा एस.एम. ५८ याच जातीचा, १९६६ सालापासूनचा. गंमत म्हणजे त्याच्या नावातल्या 'एस.एम.'चा अर्थ स्टुडिओ मायक्रोफोन, आणि नाव झालं ते मंचावर! त्याची किंमत आमच्या आवाक्याबाहेर. आम्ही साधा, वायरवाला, देशी डायनॅमिक घेतला.

मंचावर त्यानं इमान राखलं. हा माइक समोरचं ऐकतो, पाठीमागचं जवळजवळ नाही. म्हणून भोंगे नेहमी त्याच्या पाठीकडे, गाणाऱ्याच्या पुढे ठेवायचे. मुलांना एवढंच बजावलं की जाळी मुठीत धरू नका. कव्वालांचं पाहून सगळ्यांना तसं धरावंसं वाटतं. पण मूठ आवळली की माइकला चहूकडचं ऐकू येऊ लागतं आणि कुई सुरू होते.

घरी मात्र पंचाईत. त्याची जाड पिन, जिला दुकानदार पी-३८ म्हणतो, मोबाइलला लागेना. मध्ये लावायचं यंत्र माइकपेक्षा महाग. शिवाय डायनॅमिकला तोंड अगदी जवळ लागतं. अम्मीनं ते ओठांशी बघितलं आणि गप्प झाली. "ये क्या मू के सामने? मेरेकू शरम आती."

शेवटी पदराला लावायचा कॉलर माइक आणला, सहाशे रुपयांचा. जात कंडेन्सरचीच, म्हणजे सब सुननेवाला. पण तोंडापासून वीतभरावर असल्यामुळे अम्मीचा आवाज आधी पोचतो, ट्रॅक्टरचा नंतर. पंखा बंद केला, दोन भिंतींवर गोधड्या टांगल्या. एकाच माइकमध्ये दोन्ही कामं उरकायचा आमचा हिशेब फसला, पण तिन्ही मिळून जेवढे पैसे गेले तेवढ्यात एक चांगलाही आला नसता.

अम्मीला माइकचा विसर पडला तेव्हा ती गायली. ओढणीची थोडी खसखस आली आहे, बांगड्याही वाजल्या आहेत. नऊ गाणी झाली. दहाव्याची तिसरी ओळ तिला आठवेना. दोनदा सुरुवातीपासून म्हटलं, तिथेच अडकली. म्हणाली, सटाण्याच्या खालाला येतं. खाला अम्मीपेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. या रविवारी दोघींना समोरासमोर बसवायचं ठरलं आहे. गोधड्या आम्ही आपल्याच नेणार.