गाडीचं पॉलिश मशीन आणि बहिणीचे बारा हजार



दशलक्षणाच्या एकाशनाचे पदार्थ आणि उन्हाळ्याची वाळवणं सोडून आज मी गाडीला पॉलिश करायच्या मशीनबद्दल लिहिते आहे, म्हणून हसू नका. आता आपल्यापैकी बहुतेकींच्या दारात टिनाच्या शेडखाली एक गाडी उभी असते. आणि घरातल्या कुठल्या तरी पोराने मोबाइलवर व्हिडिओ पाहून ‘हे मशीन घेऊ या’ म्हटलेलं असतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी, अकोल्याला जठारपेठेत, नेमकं हेच झालं. फरक इतकाच की भाच्याला ते घरच्या गाडीसाठी नको होतं. दोन वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्यावर त्याने ठरवलं होतं की लोकांच्या दारी जाऊन गाड्या पॉलिश करून द्यायच्या. पैसे बहिणीचे. पापड, शेवया, दिवाळीच्या ऑर्डरी यांतून साठवलेले बारा हजार रुपये.

तिच्या यजमानांचं म्हणणं, “दुकान सोडून दुसऱ्याच्या गाड्या पुसणार का आपलं पोरगं?” बहीण मला फोनवर म्हणाली, “ताई, पैसे माझे, डोकं तुझं लाव.” बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं झाली तरी आमच्या घरात हिशेब आला की माझंच नाव निघतं.

अमरावतीहून अकोला आता तसं जवळ झालं आहे. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीज बुकात नोंद झाली, ते तुम्हाला आठवत असेल. तर मी गेले. भाचा म्हणाला, “मावशी, दोन हजारात मशीन भेटून राह्यली, घेऊन टाकू का?”

बाजारात जाऊन पाहिलं तर ते दोन हजारांचं म्हणजे लोखंड कापायचं चार इंची ग्राइंडर, त्याला वरून लोकरीची टोपी लावलेली. त्याचा वेग मिनिटाला ११,००० फेरे. दुकानदार म्हणाला, “हीच न्या काकू, सगळे हीच नेतात.” पॉलिशला लागतो त्याच्या पाव वेगही नाही. या वेगात फोमचा पॅड फाटून उडतो आणि रंग काही सेकंदांत जळतो. हे ग्राइंडर कितीही स्वस्त मिळालं तरी पॉलिशसाठी घेऊ नका.

रंग जळतो म्हणजे काय, ते समजून घेतलं की मशीन निवडणं सोपं होतं. आजकालच्या गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस याहून जाड असतो. चमक या थराची असते आणि उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडेही याच थरात असतात. पॉलिश करणं म्हणजे हा थर वरून अगदी किंचित घासून सपाट करणं. जो थर गेला तो गेला, तो कुठल्याही बाटलीने परत येत नाही, पुन्हा रंगच द्यावा लागतो. म्हणून हे काम महिन्या-महिन्याला करायचं नसतं. आणि बोटाचं नख अडकेल इतका खोल ओरखडा असेल तर तो पॉलिशने जाणार नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकायचं. भाच्याला मी पहिली गोष्ट हीच शिकवली. धंद्यात ‘नाही होणार’ हे आधी सांगितलं तर तो प्रामाणिकपणा असतो. नंतर सांगितलं तर तो बहाणा वाटतो.

आता मशीनं. गॅरेजवाले ‘रबिंग पॉलिश’ला वापरतात ते रोटरी. त्याचा पॅड भोवऱ्यासारखा एकाच अक्षावर फिरतो. काम झटपट होतं, पण हात क्षणभर जरी एका जागी थांबला तर उष्णता साठते. नवख्या हाताने गोल गोल सावल्यांसारखे डाग पडतात, ते सावलीत दिसत नाहीत आणि उन्हात गाडी काढली की उमटतात. आमच्याच गाडीला एका ठिकाणी असे डाग पाडून दिले होते, त्यामुळे मला ते चांगले ओळखता येतात. दुसरं ‘ड्युअल अ‍ॅक्शन’, दुकानात डी.ए. म्हणून मागायचं. याचा पॅड स्वतःभोवती फिरतो आणि फिरता फिरता लहान वर्तुळातही हलतो. आपण मंदिराचा पितळी कलश चिंचेने घासताना हात एका जागी न ठेवता छोट्या छोट्या वळशांनी पुढे नेतो ना, तसं. यात उष्णता एका जागी साठत नाही. शिवाय जास्त दाबलं तर पॅड फिरायचाच थांबतो, म्हणजे शिकणाऱ्याच्या चुकीला मशीनच आवर घालतं. वेळ जास्त लागतो, पण नवशिक्याने डी.ए.च घ्यावं, यावर माझं मत पक्कं आहे.

दहा इंची मोठ्या टोपीचं एक स्वस्त मशीनही मिळतं. ते फक्त मेण पसरवतं, ओरखडे काढत नाही. ड्रिलला लावायचा पॅड मिळतो, तो पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचेपुरता ठीक. बॅटरीवरच्या मशीनचं आकर्षण पोरांना फार, पण बॅटरीचीच किंमत इतकी की आपल्या बजेटमध्ये बसत नाही.

डी.ए. घेताना आम्ही काय पाहिलं? पॅडची पाटी पाच इंची हवी, कारण आपल्याकडच्या लहान गाड्यांना वळणं फार. ‘थ्रो’ म्हणजे पॅड किती मोठ्या वर्तुळात हलतो ते. ८ मिलिमीटरचं हातात स्थिर राहतं, १५ चं सपाट बोनेटवर भराभर चालतं पण वळणावर अडखळतं, म्हणून पहिलं मशीन ८ चं. वेग कमी-जास्त करायची चकती हवीच. हळू सुरू होणारं असेल तर उत्तम, नाहीतर बटण दाबताच कंपाउंडचे शिंतोडे आपल्याच तोंडावर. वजन अडीच किलोच्या आसपास. आणि दुकानातच चालू करून दोन मिनिटं हातात धरून पाहायचं. मुंग्या आल्या तर ते मशीन ठेवून द्यायचं, कारण एका गाडीला तीन-चार तास लागतात. दुरुस्तीचं केंद्र अकोल्यात किंवा अमरावतीत आहे का, हेही विचारलं. मोठ्या नावाचं मशीन बारा-पंधरा हजारांच्या घरात जात होतं. आम्ही घेतलं ते ५,४०० चं, एक वर्षाच्या वॉरंटीचं.

इथवर तर कोणीही सांगेल. पण पॅड आणि मेणाकडे आलो आणि माझा हात थांबला.

लोकरीचा म्हणून जो पॅड मिळतो तो खरा असेल तर बहुधा मेंढीच्या कातड्याचा असतो, लोकर कातड्यासकट. स्वस्तातले पुष्कळदा नायलॉनचे असतात, पण पाकिटावर नावं सारखीच. गाडी पुसायचं ‘शॅमॉय’ म्हणजे मुळात बकरीचं किंवा मेंढीचं कातडं. त्याच नावाने आता कृत्रिम कापडही मिळतं. आणि मेण! कार्नौबा नावाचं मेण ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरून काढतात, ते आपल्याला चालण्यासारखं. पण डबीतल्या पुष्कळशा लेपांत त्यासोबत मधमाशीचं मेण मिसळलेलं असतं. मद्य, मांस, मधु यांचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांतला पहिला. मध जिभेला लावायचा नाही आणि पोळ्याचं मेण गाडीला फासायचं, हे मला पटेना. भाचा म्हणाला, “मावशी, खायचं थोडंच आहे?” मी म्हटलं, “विकायचं तर आहे.” श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा धंद्यांत मधासारख्या रसांचा व्यापार आहे, लाखेचाही आहे. (जाता जाता सांगते, सागवानी कपाटाला सुतार जे स्पिरिट पॉलिश चढवतो ते लाखेचंच असतं. माझ्या घरी आता ते होत नाही.)

तोडगा अवघड नव्हता. पॅड सगळे फोमचे घेतले, पुसायला मायक्रोफायबर, आणि मेणाऐवजी पॉलिमरचं सीलंट. सीलंट मेणापेक्षा टिकतंही जास्त. दुकानदाराला थेट विचारायचं, यात मधमाशीचं मेण आहे का, आणि त्याला सांगता आलं नाही तर ती डबी घ्यायची नाही. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, “गाडीलाही सोवळं का?”

हिशेब असा झाला. मशीन ५,४००, फोमचे पाच पॅड १,५००, कंपाउंड आणि बारीक पॉलिश मिळून १,६००, दहा कापडं ७००, सीलंट ७००, आणि चिकटपट्टी, लांब वायर, चष्मा, मास्क यांचे ९००. एकूण १०,८००. उरले १,२००. एका गाडीचे १,५०० घ्यायचे, त्यात सामान ३०० चं खपतं, म्हणजे नऊ गाड्यांत बहिणीचे पैसे मोकळे. मी वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून दिलं आणि खाली सांगितलं की नऊ गाड्या होईपर्यंत यातलं काही मोबाइलच्या रिचार्जवर जाणार नाही.

उरलेल्यातून ५०० रुपयांत भंगारवाल्याकडून एक जुनं बोनेट आणलं आणि अंगणात दोन विटांवर ठेवून पंधरा दिवस त्यावरच सराव. पॅडच्या पाटीवर मार्करने एक रेघ ओढायची. रेघ फिरताना दिसते तोवर दाब बरोबर, रेघ थांबली की दाब जास्त. एका वेळी दोन फूट बाय दोन फूट इतकाच भाग. कडा आणि उठावाच्या रेघांवर रंग पातळ असतो, तिथे चिकटपट्टी लावायची. पॅडवर गाडीचा रंग उतरू लागला तर त्या गाडीला क्लिअर कोट नाही किंवा तो संपला आहे, तिथेच थांबायचं. आणि हे सगळं सकाळी नवाच्या आत, सावलीत. अकोल्याचा मे महिना काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड क्षणात वाळतं आणि नुसती भुकटी घासली जाते.

आपल्या भागातली खरी अडचण मात्र पाण्याची. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तिकडच्या बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळू दिली की पांढरे ठिपके राहतात आणि दिवसागणिक भाजून घट्ट बसतात. दर्यापूरकडच्या एका गाडीला भाच्याने सरळ मशीन लावायला घेतलं होतं, मी थांबवलं. स्वयंपाकघरातलं लिंबाचं फूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, चमचाभर एक लिटर पाण्यात घालून कापडाने पुसलं आणि लगेच साध्या पाण्याने धुतलं, तर निम्मे ठिपके तसेच गेले. जे काम पुसून होतं त्यासाठी क्लिअर कोट कशाला झिजवायचा? धुवायचं पाणीही तो आता दुहेरी फडक्यातून गाळून घेतो. त्याला ते जीवदयेसाठी सांगितलं होतं, त्याने ते बारीक रेती येऊ नये म्हणून धरलं. मी काही बोलले नाही, पाणी गाळलं जातं आहे ना!

पावसाळ्यातल्या गाड्यांच्या नाकावर चिलटं, किडे चिकटलेले असतात. ते काढताना त्याला अवघड जातं, मलाही पाहवत नाही. आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत घरी परतायचा नेम आहे म्हणून आमच्या गाडीवर ते कमी असतात, एवढंच.

आजपर्यंत त्याच्या अकरा गाड्या झाल्या. नवव्या गाडीनंतर बहिणीने पैसे मोजून डब्यात परत ठेवले. परवा त्याच्या वडिलांनी आपल्या एका व्यापारी मित्राची गाडी पाठवली आणि वर सांगितलं, “घरचेच आहेत, हजार घे.” त्याने १,५०० घेतले, वहीत लिहिले आणि वडिलांना वही दाखवली.