हवेचं कुलूप

खोकी ऑस्ट्रेलियाहून आलेली, जीप पाटणहून. दोन्ही एकाच सकाळी माझ्या गॅरेजात उतरली. जीप महिंद्राची जुनी एमएम ५४०. पोटात प्यूजोचं डिझेल इंजिन आणि अंगावर तीन मालकांनी दिलेले तीन रंग. चौथे मालक दातांचे डॉक्टर. खोक्यांत दोन एअर लॉकर, एक पुढच्या अॅक्सलसाठी, एक मागच्या, आणि बारा व्होल्टचा एक छोटा कंप्रेसर. ‘‘दादा, पावसाळ्याआधी होईल ना?’’ डॉक्टरांनी विचारलं. मे उजाडला होता. मी हो म्हणालो आणि मग अॅक्सलचं हौसिंग उघडलं. आधी उघडायला हवं होतं, मग हो म्हणायला.

लॉकर म्हणजे काय हे उसाच्या पट्ट्यात फारसं सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरवर टाचेपाशी एक पेडल असतं. ओल्या रानात एक चाक गरगरायला लागलं की ते दाबायचं, दोन्ही चाकं एकदम ओढतात, ट्रॅक्टर बाहेर. तेच काम जीपमध्ये करायचं. मोटारीत डिफरन्शियल ठेवावं लागतं ते वळणासाठी, कारण वळताना बाहेरचं चाक जास्त चालतं. बैलगाडीची चाकं आसावर मोकळी फिरतात, म्हणून तिला ही अडचण नाही; पण इंजिनाने चाक फिरवायचं म्हटलं की दोन्ही एका दांडीला जखडून भागत नाही. डिफरन्शियल दोघांना जोर सारखा देतं, वेग मात्र ज्याचा त्याला. गोम त्या ‘सारखा’मध्ये आहे. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही. मग दगडावर टेकलेल्या दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. लटकलेलं दुप्पट वेगाने भिरभिरतं आणि टेकलेलं गप्प बसतं.

एअर लॉकरमध्ये हवेच्या दाबाने आतला पिस्टन सरकतो आणि साइड गिअर डिफरन्शियलच्या पिंजऱ्याशी जखडला जातो. हवा सोडली की स्प्रिंग पिस्टनला मागे ढकलते, कुलूप सुटतं. मूळ कल्पना न्यूझीलंडची, रॉबर्ट्स डिफ-लॉक या नावाची. मेलबर्नच्या एआरबीने ती १९८७ मध्ये विकत घेतली आणि जगभर पोहोचवली. आपल्याकडच्या थारला २०१५ पासून मागच्या अॅक्सलला आपोआप लागणारं मेकॅनिकल लॉकर मिळू लागलं. ते वाईट नाही, पण चाक गरगरल्यावरच लागतं. चाक गरगरलं म्हणजे चिखलात खड्डा पडलाच. हवेचं कुलूप दगडापाशी थांबून आधीच लावता येतं, आणि पुढे डांबरी आली की काढता येतं. मला त्याचं हे काढता येणंच जास्त आवडतं.

तर हौसिंग. जुन्या गाडीचं हौसिंग उघडणं म्हणजे आधी कोणाकोणाचा हात लागला होता ते वाचणं. मागचं झाकण काढलं तर तेल काळं, खाली मलईसारखा थर; म्हणजे कधीतरी पाणी गेलेलं. एक बोल्ट बाकीच्यांहून वेगळ्या मापाचा. बेअरिंगपाशी शिमच्या, म्हणजे मापाच्या चकतीच्या, जागी पातळ पत्रा कापून घातलेला. माझा पोरगा म्हणाला, हा डालड्याच्या डब्याचा आहे. असेलही. ज्याने घातला त्याच्याकडे त्या रात्री शिम नसेल आणि गिऱ्हाइकाला पहाटे निघायचं असेल. मी हसलो नाही. माझेही काही पत्रे कुठल्या ना कुठल्या गाडीत फिरत असणार.

पहिलं काम, हाफ शाफ्टचे दात मोजणं. डाना ४४ या अॅक्सलच्या एकाच घराण्यात १० दातांचे शाफ्ट सापडतात, १९ चे आणि ३० चेही. लॉकर ज्या दातांचा आणला, शाफ्टही तेवढ्याच दातांचा हवा. जुन्या जीपचा अॅक्सल कुणी कधी बदलला याचा भरवसा नसतो, त्यामुळे पुस्तकावर न जाता बोटाने मोजायचं. डॉक्टरांनी खोकं मागवण्याआधीच जीप एकदा बोलावून मी ते मोजून घेतले होते, म्हणून वाचलो. दुसरं, शाफ्ट पिळला आहे का ते बघणं. साध्या डिफरन्शियलमध्ये एका शाफ्टवर फार तर निम्मा जोर येतो. कुलूप लावल्यावर एक चाक हवेत असेल तर सगळा जोर दुसऱ्या एकट्यावर. जोडीतला एक बैल बसला तर दुसऱ्याच्या मानेवर काय येतं, तसं. मागचा डावा शाफ्ट दातांपाशी किंचित पिळलेला निघाला. तो बदलला.

मग क्राउन, डिफरन्शियलचं मोठं दातेरी चाक. जुना पिंजरा काढून क्राउन लॉकरवर चढवायचा, पण तो घट्ट बसतो. हातोड्याने ठोकला तर वाकडा बसेल. त्याला गरम करायचं, म्हणजे तो थोडा फुगतो आणि अलगद उतरतो. ज्योत लावायची नाही, दातांचं पाणी उतरतं. मी पातेल्यात पाणी उकळून त्यात क्राउन सोडतो. बायकोने ते पातेलं गॅरेजला कायमचं देऊन टाकलंय, यातच सगळं आलं. तापलेला क्राउन चिमट्याने काढला, हवेच्या झोताने कोरडा केला, चढवला, बोल्टांना लॉकटाइट लावून ठरलेल्या टॉर्कने आवळले.

इथून पुढचा भाग म्हणजे खरी मेहनत. क्राउन-पिनियन तेच होते, म्हणून पिनियनला हात लावला नाही. इतकी वर्षं एकमेकांवर झिजून जमलेले दात आहेत, त्यांना पुन्हा जुन्याच जागी भेटवायचं. क्राउन आणि पिनियनमधली मोकळीक डायल गेजने बघायची; ती ६ ते १० थाऊ, म्हणजे इंचाचे तेवढे हजारांश, हवी. माझी पहिली आली १४. डावीकडचा शिम काढून उजवीकडे, पुन्हा कॅप आवळल्या, तर ४. म्हणजे जरा जास्तच सरकला. पुन्हा खोल. कॅप्सवर पंचाने खुणा केलेल्या असतात, कारण डावी-उजवीची अदलाबदल झाली तर बेअरिंग जातं. चौथ्या खेपेला ८ आली. पोराला म्हटलं, चहा सांग.

त्यानंतर दात कुठे टेकतात ते बघायचं. हल्ली त्यासाठी पिवळी पेस्ट मिळते. माझे वस्ताद शेंदूर तेलात कालवून दातांना लावायचे. मीही तेच करतो, फक्त नंतर हात नीट धुतो, कारण शेंदूर म्हणजे शिसं. लेप लावायचा, क्राउन पुढे-मागे फिरवायचा. जिथे दाताला दात घासतो तिथला शेंदूर पुसला जातो आणि लोखंड उघडं पडतं. डाग दाताच्या मधोमध हवा. टोकाला गेला तर गाडी कण्हते, मुळाशी गेला तर दात तुटतो.

मी वाकून डाग बघत होतो तेव्हा डॉक्टर मागे येऊन उभे राहिले. थोडा वेळ बघून म्हणाले, ‘‘अहो, हे तर आमचंच.’’ दाढेत सिमेंट भरल्यावर ते पेशंटला निळा कागद चावायला देतात. जिथे गडद डाग, तिथे उंचवटा. तेवढा घासायचा. पेशंटला विचारून भागत नाही, म्हणाले, सुन्न झालेल्या तोंडाला काहीच कळत नाही. कागदच खरं सांगतो. त्या दिवसापासून आमचं जमलं. गिऱ्हाईक गॅरेजात उभं राहिलेलं मला आवडत नाही, पण डॉक्टर संध्याकाळी दवाखाना बंद करून यायचे आणि मी टॉर्च त्यांच्या हातात द्यायचो. तोंडात उजेड कसा धरायचा हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

हौसिंगला भोक पाडताना मात्र मी एकटाच असतो. हवेची नळी आत न्यायला पाव इंची पाइपचे आटे पाडावे लागतात, आणि कीस आत पडला तर तो थेट बेअरिंगमध्ये जातो. त्यामुळे ड्रिलला आणि टॅपला दोन्हींना जाड ग्रीस, आतून चिंधी, वरून चुंबक, आणि शेवटी रॉकेलने धुणं. आतली तांब्याची नळी हाताने वळवायची, ती क्राउनपासून दूर राहिली पाहिजे. गाडी चालत असताना क्राउनने नळी घासली तर कुलूपही गेलं आणि तांब्याचा चुरा तेलात.

कंप्रेसर बाजूच्या सीटखाली बसवला. बॉनेटखाली जागा होती, पण तिथली उष्णता आणि शिंतोडे मला पसंत नव्हते. बॅटरीपासून थेट जाड वायर, मधे रिले आणि फ्यूज बॅटरीला चिकटून. फ्यूज कंप्रेसरपाशी लावला तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर तो काय कामाचा? दाब १०५ पौंडांपर्यंत गेला की स्विच कंप्रेसर बंद करतो, ८५ पर्यंत उतरला की चालू. स्विचांची वायरिंग अशी की आधी मागचं कुलूप लागल्याशिवाय पुढचं लागतच नाही. पुढचं लागलं की स्टीअरिंग दगडासारखं होतं आणि गाडी सरळच जाऊ बघते; चढावर वळवायला गेलात तर पुढचा जॉइंट तुटतो.

सगळं जोडलं, दाब भरला, आणि दर चार मिनिटांनी कंप्रेसर आपणहून घुर्र करायला लागला.

दोन दिवस मी साबणाचं पाणी लावत फिरलो. प्रत्येक जोड, प्रत्येक नळीचं टोक. नायलॉनची नळी ब्लेडने काटकोनात कापावी लागते, पकडीने तिरकी कापली की फिटिंगमधून हवा सुटते. तीही टोकं पुन्हा कापली. बुडबुडा नाही. मग डॉक्टर म्हणाले, ‘‘कुलूप न लावता बघा.’’ कुलूप न लावता दाब तसूभर हलला नाही. मागचं कुलूप लावलं की उतरायचा. म्हणजे हवा सोलेनॉइडच्या झडपेपुढे, हौसिंगच्या आतच कुठेतरी जात होती. मागच्या अॅक्सलच्या ब्रीदरची, म्हणजे हौसिंगच्या श्वासाची, नळी मी पाण्याच्या ग्लासात बुडवली आणि स्विच दाबला. बुडबुड्यांची माळ लागली.

फिरत्या लॉकरला हवा पोहोचवणाऱ्या बाहेरच्या कड्यात दोन ओ-रिंग असतात. त्या मी कोरड्याच सरकवल्या होत्या. घाई होती, ढग भरून आले होते, आणि तेलाचं बोट लावायचं राहिलं. एका रिंगला कडेने नखाएवढी चीर गेली होती. पन्नास रुपयांचीही नसेल ती वस्तू. अख्खं हौसिंग पुन्हा उघडावं लागलं. शिम कुठल्या बाजूला किती हे मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलेलं, म्हणून या खेपेला मोकळीक पहिल्याच फटक्यात ८ आली. चूक माझी होती. त्या दोन दिवसांचे पैसे मी लावले नाहीत.

कंप्रेसरच्या हवेच्या टाकीला खाली पाणी काढायचा कॉक लावायचा आग्रह डॉक्टरांचाच. दवाखान्यातल्या कंप्रेसरच्या टाकीतून ते रोज पाणी काढतात, नाहीतर दातावर हवेऐवजी फवारा येतो. हवा दाबली की तिच्यातला ओलावा पाणी होऊन तळाशी बसतो, आणि कोयनेच्या पावसाळ्यात हवेत ओलावा केवढा असतो ते सांगायला नको. ते पाणी नळीतून सोलेनॉइडमध्ये गेलं की गंज. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण गिऱ्हाइकाला कॉक उघडायची आठवण राहत नाही म्हणून मी आग्रह धरत नसे. डॉक्टर दर रविवारी उघडतात.

तपासणी सोपी आहे. मागची दोन्ही चाकं उचला, पुढे ओट लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा. एक चाक हाताने फिरवलं तर दुसरं उलटं फिरतं. स्विच दाबा, पुन्हा फिरवा. आता एकही हलत नाही. डॉक्टरांनी ते पाच वेळा करून पाहिलं.

जूनच्या पहिल्या पावसात आम्ही पाटणच्या वर एका ओढ्याच्या वाटेला गेलो. टायरमधली हवा ३० वरून १५ वर आणली. लॉकरचा पैसा वसूल होण्याआधी निम्मं काम तिथेच होतं, आणि परत भरायला कंप्रेसर आहेच. तांबड्या चिखलात मागचं उजवं चाक लटकलं. डॉक्टरांनी थांबून स्विच दाबला, फुस्स आवाज आला, क्लच सोडला. गाडी चढली. जागची हललीही नाही असं वाटावं इतक्या शांतपणे. माझं लक्ष मात्र गेजवर होतं. पंधरा मिनिटं कुलूप लावून ठेवलं, कंप्रेसर चालू झाला नाही.

कोणाला आपल्या जीपला असं कुलूप बसवायचं असेल तर आधी टायर आणि शाफ्ट बघून घ्या, आणि या ते होळीच्या आसपास या. पाऊस सुरू झाल्यावर मी हौसिंग उघडत नाही.