जलस्थलचर

बेडूक आणि कासव यांना विधात्याने जमीन व पाणी ही दोन्ही राज्ये बहाल केली. मनुष्याच्या वाट्याला मात्र एकच आले, आणि ही वाटणी त्याला कधीच मानवली नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील फोर्डच्या कारखान्याने जीपगाडीला नावेचे पोट आणि मागे पंखा लावून चक्क पोहणारी गाडी काढली. १९४२-४३ च्या सुमारास अशा १२,००० हून अधिक गाड्या तयार झाल्या. बेन कार्लिन नावाचा एक ऑस्ट्रेलियन इंजिनियर हिंदुस्थानी सैन्यात असताना त्याच्या दृष्टीस अशी एक गाडी पडली, आणि हिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करावी असे त्याच्या मनाने घेतले. १९५० साली तो पत्नीसह अटलांटिक महासागरावर निघाला आणि १९५८ मध्ये त्याने प्रदक्षिणा पुरी केली. गाडीचे नाव त्याने ठेवले होते 'हाफ-सेफ', म्हणजे 'अर्धी सुरक्षित'. इतके प्रामाणिक नाव दुसऱ्या कोणत्या वाहनाला मिळाले असेल असे मला वाटत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात पोहणारी गाडी कोणी आणल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण तिची गरज मात्र तेथे दरवर्षी पावसाळ्यात चार महिने भासते. या जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाचे दोनच भाग मानतात: घाटावर आणि घाटाखाली. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी, चिकण रेगड पसरली आहे. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि श्रावणात तीच जमीन पायातला जोडा काढून ठेवून घेते. उत्तरेस संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याचे नाले आडवे येतात. वर डोंगरात पाऊस पडला की खाली कोरड्या उन्हातसुद्धा लोंढा येतो. जाहिरातीतल्या गाड्या असल्या नाल्यांतून दोन्ही बाजूंना मोत्यांचे फवारे उडवीत डौलाने जातात. त्या जाहिराती काढणाऱ्यांना एकदा श्रावणात इकडे पाहुणचारास बोलवावे, अशी माझी फार इच्छा आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये गुरांवर लम्पी रोगाची साथ आली होती. जनावराच्या अंगावर गाठी उठत, ताप भरे, पाय सुजत. माश्या, डास आणि गोचीड हा रोग एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात नेत. जेथे रोग आढळे, त्या गावाभोवती पाच किलोमीटरच्या परिघातील निरोगी जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचावयाची, असा उपाय ठरला होता. माझे एक स्नेही पशुवैद्य आहेत. त्यांच्या जुन्या डिझेल जीपमधून सातपुड्याच्या पायथ्याच्या दोन गावांना लस पोचविण्यास आम्ही निघालो. लस बर्फाच्या पेटीत होती. तिला दोन ते आठ अंशांच्या आतच राहावे लागते. पेटी माझ्या मांडीवर होती.

नाल्याच्या मधोमध पाणी एकाएकी वर आले, इंजिनाने एक उचकी दिली आणि ते थांबले. डॉक्टरांचा हात चावीकडे गेला, तोच पलीकडच्या काठावरून एक म्हातारा ओरडला, "चावी नोका फिरवू, डाक्टरसायेब! पानी गेलं असन तं राड वाकते!"

त्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. डिझेल इंजिन हवेला दाबून तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्श्यात कोंबते. हवा हा जुलूम सोसते; पाणी सोसत नाही. ते जागचे हलत नाही, आणि मग दट्ट्याचा दांडाच वाकतो. उभ्या आयुष्यात या गृहस्थाने विहिरींवरची ऑइल इंजिने दुरुस्त केली होती. आपली बैलजोडी पाण्यात घालून त्याने जीप काठाला ओढून काढली. पोटऱ्यांपर्यंत चिखल, कमरेइतके पाणी, आणि बैल आपले शांतपणे चालत होते. आमच्या प्रांताचे खरे जलस्थलचर वाहन कोणते, हे मला तेव्हा दिसले.

पेटी बैलगाडीने पुढे धाडावी असे मी सुचविले. डॉक्टरांनी मान हलविली. वाट रोग लागलेल्या गावातून जात होती. निरोगी बैल तेथून नेणे म्हणजे साथीला आमंत्रण देणे. तेव्हा जीप चालू करणे, एवढाच मार्ग उरला.

काकांनी हवेचा फिल्टर उघडला; तो पिळून काढावा इतका भिजला होता. मग पान्याने चारही नोझल काढली आणि डॉक्टरांना म्हणाले, "आता फिरवा." चावी फिरताच इंजिनाच्या डोक्यातून गढूळ पाण्याची चार कारंजी उसळली. चेंबरातले तेल पाहिले. ते दुधाळ झाले नव्हते, म्हणजे पाणी खाली उतरले नव्हते. येथवर सर्व ठीक झाले. पण नोझलखालचे तांब्याचे वॉशर दबून कडक झाले होते आणि नवे जवळ नव्हते. तसेच बसविले तर दाब गळणार. काकांनी शेतातल्या चुलीत गोवऱ्या पेटविल्या, चारही वॉशर निखाऱ्यांवर ठेवले आणि फुंकणीने फुंकीत ते लाल केले. मग टपटप पाण्यात सोडले. पोलाद असे विझविले तर कडक होते. तांब्याचा स्वभाव निराळा. ते तापून मऊ पडते, आणि पुन्हा आवळले की फटीत नीट बसते. भिजलेला फिल्टर बाहेरच राहिला. त्या चिखलाच्या राज्यात धूळ कुठली यायला! डिझेलच्या नळ्या सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारला.

या सर्वांत अडीच तास गेले. डॉक्टर दर पंधरा मिनिटांनी पेटीतला तापमापक पाहत आणि माझ्याकडे न पाहता झाकण लावीत.

इंजिनाने पांढऱ्या धुराचा लोट सोडला आणि ते चालू झाले. डॉक्टरांनी खिशात हात घातला, तेव्हा काका म्हणाले, "पैशे राहू द्या. आधी या दोघायले टोचा. अन् घरी एक कालवड हाये, तिलेबी." त्यांनी वेसण धरली, डॉक्टरांनी मानेच्या कातडीखाली सुई दिली, आणि बैलांनी कान हलविण्यापलीकडे काही तक्रार केली नाही. कालवडीचेही झाले.

पुढच्या गावी पोचलो तेव्हा पेटीत बर्फ उरला नव्हता, नुसते पाणी होते. पण ते हाताला गार लागत होते, आणि तापमापकाचा पारा सातावर होता. डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या; गुरे आधीच ओळीने उभी होती.