२६ टक्के उशीर

शुक्रवार संध्याकाळ. आठवडाभर डेडलाइन्सनी पिळून काढलेलं. अशा वेळी माणसाला काय हवं असतं? मस्त हाणामारीचा पिक्चर! निदान मला तरी.

"काय मिळतं रे तुला त्या रक्तात?" बायको दर वेळी विचारते. माझं उत्तर ठरलेलं, "राग बाहेर पडतो गं. बॉसला मारता येत नाही, मग हीरो मारतो माझ्या वतीनं!"

मागच्या महिन्यात असाच एक लेट शो बघून आम्ही घरी निघालो होतो. पौड रोडवर सामसूम. अचानक पुढची स्कूटर घसरली आणि चालवणारा मुलगा दाणकन आपटला. मी ब्रेक मारला, गाडी थांबवली आणि... बघत बसलो. स्टिअरिंगवर हात ठेवून, जणू पुढचा सीनच चालू आहे! बायको केव्हाच धावली होती. "अरे बघतोस काय, पाणी आण!" ती ओरडली तेव्हा कुठे मी भानावर आलो.

मुलाचं खरचटण्यावर निभावलं. माझं मात्र काहीतरी खुपत राहिलं. कॉलेजात सायकॉलॉजी होतं, म्हणून पुन्हा वाचायला बसलो.

पहिले भेटले अल्बर्ट बांडुरा. १९६१ साली स्टॅनफर्डमध्ये त्यांनी छोट्या मुलांसमोर एका मोठ्या माणसाला फुगवलेली बाहुली बदडायला लावली. मुलांनीही मग ती तशीच बदडली. १९६३ मध्ये तीच मारहाण फिल्मवर दाखवली, तरी तेच! म्हणजे मारामारी नुसती बघूनही शिकता येते. पण मी कुठे कुणाला मारलं होतं?

मग माझ्या 'राग बाहेर पडतो' थिअरीचा निकाल लागला. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन यांनी चिडलेल्या लोकांना, ज्याच्यावर राग आहे त्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले. त्यांचा राग उतरला नाही, उलट वाढला. गेली माझी सबब!

आणि २००९ चा प्रयोग तर थेट माझ्यावरच होता. थिएटरबाहेर पायाला दुखापत झालेली एक तरुणी कुबड्या खाली पाडते. मारधाडीचा पिक्चर बघून बाहेर पडलेल्यांनी मदत करायला २६ टक्के जास्त वेळ घेतला. तोच पिक्चर बघायला आत जाणाऱ्यांना मात्र असा उशीर झाला नव्हता. याला म्हणतात डिसेन्सिटायझेशन. साध्या मराठीत, मन बधिर होणं.

अर्थात, सगळं खापर पडद्यावर फोडता येत नाही. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांना सुमारे हजार ब्रिटिश टीनएजर्समध्ये हिंसक गेम्स आणि आक्रमकपणाचा संबंध आढळला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननेही २०२० मध्ये बजावलं, की खऱ्या हिंसाचाराचा ठपका गेम्सवर ठेवण्याइतका पुरावा नाही. आरडाओरडा, ढकलाढकलीशी थोडाफार संबंध दिसतो, इतकंच. त्या रात्री मी कदाचित नुसता दमलोही असेन.

पण मी गुंड होईन का, हा प्रश्न माझा नव्हताच. मला उठायला उशीर होईल का, हा होता.

पिक्चर सोडलेले नाहीत. फक्त बाहेर पडल्यावर जरा स्वतःवर लक्ष ठेवतो. परवाच्या शोनंतर लिफ्टमध्ये एका आजींची पिशवी फाटली, बटाटे घरंगळले. पहिला बटाटा मी उचलला. बायको तेव्हा नेमकी बरोबर नव्हती, म्हणून इथे सांगून ठेवतोय!