बर्फाचं पाणी

बारच्या काउंटरमागे पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्याची नजर बाटल्यांवर जाते. मागच्या आरशात त्या दुप्पट झालेल्या असतात, दिव्याचा उजेड त्यांच्या पोटात शिरून मधाळ झालेला असतो, आणि नवख्याला वाटतं, यांची नावं पाठ झाली की आपण बारटेंडर झालो. मला या कलेची ओढ लागली ती बर्फापाशी. मुंबईतल्या एका जुन्या बारमध्ये संध्याकाळची गर्दी व्हायच्या आत बसलो होतो. समोरचा बारटेंडर बर्फाच्या पेटीत साठलेलं पाणी काढून टाकत होता. शेवटचा थेंब निथळेपर्यंत तो थांबला, मग खडे खालीवर करून पुन्हा निथळू दिले. इतक्या निगुतीने त्याने एकाही बाटलीला हात लावलेला मी पाहिला नव्हता.

त्यामागचं कारण फार सुंदर आहे. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला मात्र एकच कॅलरी पुरते. पेयाला गारवा येतो तो मुख्यतः बर्फाच्या वितळण्यातून. म्हणजे गारवा हवा असेल तर पाणीही घ्यावंच लागतं, आणि किती घ्यायचं हे ठरवणं म्हणजेच बारटेंडरचं काम. हलवून गाळलेल्या कॉकटेलचा जवळजवळ चौथा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, हे वितळलेलं पाणी असतं. खड्यांना आधीपासून पाणी चिकटलेलं असलं तर ते फारसं काही गार न करता पेयात शिरतं. पाककृतीत ज्याचा उल्लेखही नसतो असा हा घटक, आणि सगळी चव त्याच्यावर उभी.

हे कळण्यासाठी डायकिरीसारखं पेय नाही. क्युबातल्या सांतियागोजवळच्या एका खाणवस्तीचं नाव त्याला मिळालं आहे. ६० मिली पांढरी रम, २५ मिली ताज्या लिंबाचा रस, २० मिली साखरेचं सिरप, बस्स. सिरपही साधं : जेवढी साखर तेवढंच पाणी, विरघळेपर्यंत ढवळायचं. तीनच गोष्टी असल्यामुळे लपायला जागा नाही. आपल्या घरांत उन्हाळ्याचं सरबत करणारी बाई चमच्याने थेंबभर हातावर घेऊन जिभेला लावते आणि चिमूटभर साखर वाढवते, तीच नजर इथे लागते, कारण कोणत्याही दोन लिंबांची आंबटाई सारखी नसते. पण चव सुधारायची ती आधी मोजल्यावरच. एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला ६० मिलीचं माप असलेलं ते धातूचं जिगर नवख्याने हातातून सोडू नये. नुसत्या अंदाजाने उंचावरून धार सोडणं दिसायला छान, पण पाच मिली लिंबू जास्त पडलं की डायकिरी दात आंबवते.

मग शेकर. लिंबू, दूध, अंड्यातला पांढरा भाग असं काही असेल तर हलवायचं, जोराने, शेकर बर्फाने भरून. मोजके दोन खडे टाकून हात राखणारा माणूस पेय पाणचट करतो. बर्फ भरपूर असला की पेय झटकन गार होतं आणि उरलेला बर्फ घट्ट राहतो. सुरुवातीला खडे धातूवर ठणठणतात. दहा-बारा सेकंदांत तो आवाज मऊ होत जातो, शेकरच्या अंगावर दंव धरतं, बोटं बधिर होऊ लागतात. तिथे थांबायचं. मद्यामुळे आतलं मिश्रण शून्याच्याही खाली उतरलेलं असतं आणि तरी वाहतं असतं. हा क्षण मला दरवेळी नवा वाटतो.

नुसतं मद्यच मद्य असेल तिथे हलवणं नाही, ढवळणं. निग्रोनी घ्या : जिन, कंपारी आणि गोड व्हर्मुथ, प्रत्येकी ३० मिली. हलवलं तर हवेचे बुडबुडे शिरून ते गढूळ होतं. लांब दांड्याचा चमचा काचेच्या कडेने फिरवत राहिलं तर सगळा बर्फ एकजीव वळतो, खडखडत नाही, आणि पेय नितळ, जड, रेशमी उतरतं. (व्हर्मुथ ही वाइनच आहे, उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. कित्येक ठिकाणी ती महिनोन्‌महिने फळीवर तापत असते.)

नितळ बर्फ घरीही जमतो. थर्मॉससारख्या जाड भिंतींचा, वरून उघडा डबा पाण्याने भरून फ्रीजरमध्ये ठेवायचा. गोठणं फक्त वरून खाली सरकतं, हवा तळाकडे ढकलली जाते. तळ पूर्ण गोठायच्या आत लादी काढली की वरचा भाग काचेसारखा मिळतो. मोठा खडा सावकाश वितळतो, कारण वजनाच्या मानाने त्याचं अंग कमी उघडं असतं.

गोव्यात मार्च-एप्रिलमध्ये गेलं की पाण्याचं हेच गणित उलट्या बाजूने दिसतं. झाडावरून आपोआप गळलेली काजूची बोंडं तुडवून रस काढतात, तो आंबवतात, आणि भट्टीवर पहिल्यांदा उतरतो तो उर्राक. त्यात मद्य थोडं, साधारण पंधरा टक्क्यांच्या आसपास, पाणी भरपूर. पुन्हा गाळल्यावर फेणी होते, जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उर्राकमध्ये तिथली माणसं लिम्का, लिंबाची फोड, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालतात, आणि त्यात मी काहीही बदलणार नाही. फेणीचा वास मात्र दांडगा. तिच्याबरोबर पाच गोष्टी मिसळणाऱ्याने तिला ऐकलेलंच नसतं. लिंबू, थोडं सिरप, आणि जरा जास्त वेळ बर्फ. पाणी मिळालं की तिचा रानटी फळवास उलगडतो.

पाणी ग्लासाबाहेरही द्यायचं असतं. न मागता ठेवलेला साध्या पाण्याचा पेला हा नवख्याने शिकायचा पहिला शिष्टाचार. समोरच्याचं बोलणं जड झालं की पुढचा पेग लांबवणं, वय विचारायला न लाजणं (महाराष्ट्रात कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात), गाडी चालवणार कोण हे आधीच विचारून घेणं, हे सगळं त्याच हातांचं काम.

आणि गाडी चालवणाऱ्यासाठीही शेकर उचलायचा. कोकमाचं आगळ, आल्याचा रस, सिरप. मीठ नको, आगळात असतंच. मद्य नसलेलं पेय पाण्याने लवकर पातळ लागतं, म्हणून रस दाट घ्यायचा आणि हलवणं आटोपतं ठेवायचं. गार केलेल्या काचेच्या ग्लासात गाळून वर थोडा सोडा. हे पेय प्लॅस्टिकच्या पेल्यात आणून देणाऱ्या बारमध्ये मी पुन्हा जात नाही, तिथल्या फळीवर कितीही उंची बाटल्या असल्या तरी.