पांढऱ्या रेषेच्या अलीकडे

कोल्हापुरात पोरगं धड बोलायला लागायच्या आधी त्याच्या अंगावर जर्सी चढते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल... कुस्तीच्या या गावात फुटबॉल वाढवला तो तालमींनीच. शाहू स्टेडियमवर त्यांचा सामना असला की आख्खी पेठ गॅलरीत येऊन बसते. या वेडावर माझं मनापासून प्रेम आहे. म्हणूनच सुट्टीच्या सकाळी गांधी मैदानावर लहान मुलांची मॅच बघताना जीव खालीवर होतो. ते वेड तिथंही येतं आणि दहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर बसतं.

अशा वेळी बॉल सोडून पोरांचे डोळे बघावेत. पास चुकला की पोरगं आधी कडेला बघतं, बाबांकडे. तेवढ्यात समोरचा बॉल घेऊन पार पुढं गेलेला असतो. कडेवरून हाका चालूच असतात: “आरं, मार की!”, “पास दे, पास!”, “मागं ये, मागं!” तीन माणसांच्या तीन हाका, एकाच पोराला आणि तिन्ही प्रेमापोटी. त्या गलक्यात त्याला स्वतःचं काही सुचावं तरी कसं? बॉल पायाशी येतो तेव्हा हाताशी असतो जेमतेम एखादा सेकंद, आणि फुटबॉलची सगळी गंमत त्या सेकंदात आहे. मान वर करून बघायचं, ठरवायचं, चुकलं तर चुकायचं. आपण ओरडून नेमका तोच सेकंद त्याच्याकडून काढून घेतो.

मोठ्यांचं खरं काम मॅचच्या आधीचं. दहा वर्षांच्या मुलाला चार नंबरचा बॉल लागतो. “मोठा होईल की” म्हणून आणलेला पाच नंबरचा त्याच्या पायाला जड जातो. तसंच “पुढच्या वर्षीही चालतील” म्हणून घेतलेल्या बुटांचं. आत पाय सरकतो, टाच सोलते, आणि पोरगं मात्र काही बोलत नाही. मैदान लहान आणि गडी कमी ठेवले तर प्रत्येकाच्या पायाला बॉल जास्त वेळा लागतो, हेही स्पर्धा भरवणाऱ्यांनी मनावर घ्यावं.

आणि बाहेर बसलेला तो एक. मॅचभर त्याच्या अंगावर बिब तसंच. बुटांची नाडी सोडतो, पुन्हा बांधतो. कुणी दमलं की अर्धवट उठतो, कोचच्या तोंडाकडे बघतो, परत बसतो. त्याची आजी डब्यात उकडलेली अंडी घेऊन आलेली असते. तालमीतले जुने खेळाडू पदरमोड करून पोरं घडवतात, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण जिंकायच्या नादात या पोराला दहा मिनिटंही मिळू नयेत, हे मला पटत नाही. एवढ्या लहानपणी कप कुणाच्या कपाटात गेला याला काय महत्त्व? नॉर्वेत 1987 पासून मुलांच्या खेळासाठी वेगळे नियम आहेत. अगदी लहान मुलांच्या सामन्यांचे गुणतक्ते तिथं लावतच नाहीत. तिथली मुलं मोठेपणी मागं पडलीत, असं काही दिसत नाही.

याच कोल्हापुरातला अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. वडील रिक्षा चालवत. कोवळ्या वयात पोर पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत पाठवायचं, म्हणजे काळजावर दगड ठेवायचा. साथ म्हणजे काय, ते मला त्या घराकडं बघून कळतं. अर्थात सगळी पोरं तिथवर जाणार नाहीत. न जाणाऱ्यांचीही सकाळ तितकीच मोलाची.

सगळ्यात नाजूक वेळ मॅच संपल्यावरची. पोरगं गाडीवर मागं बसलेलं, गुडघ्यावर माती, आणि पुढून हेल्मेटमधून चुकांचा पाढा. त्याला बाबांचा चेहरा दिसत नाही, पाठ दिसते. त्या वाटेवर मॅचचा विषयच नको. गंगावेशीत गाडी थांबवावी, कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध घ्यावं. ओठावर फेसाची मिशी आली की पोरगं आपणहून बोलायला लागतं: “बाबा, तो गोल बघितलास?” तेव्हा ऐकायचं.

या रविवारी मैदानावर याल तेव्हा पांढऱ्या रेषेपासून चार पावलं मागं उभे राहा. दोन्ही बाजूंच्या गोलांना टाळ्या वाजवा. पंचही कुणाचं तरी पोरगंच असतं, त्याला काही बोलू नका. आणि पास कुणाला द्यायचा, ते तेवढं पोराचं पोराला ठरवू द्या.